मिंट टाकलं, आता सिनेमा कसा बघायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला रामराम ठोकला आणि नात्यातले, गल्लीतले जुने लॅपटॉप एकेक करून माझ्या दारात यायला लागले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. आमच्याकडचे लॅपटॉप आठ-दहा वर्षांचे. पोरांच्या इंजिनिअरिंगला घेतले, पोरं पुण्याला गेली, लॅपटॉप सोलापुरातच राहिले. यंत्र धडधाकट आहे, भंगारात द्यायला मन होत नाही. मग मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून देते. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही. अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. पण दहा-बारा लॅपटॉप केल्यावर हात बसला.

मिंट टाकून दिलं की चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो. मागच्या महिन्यात मामांचा आला होता. "अगं, यूट्यूब चालतंय की! मग ह्यालाच काय धाड भरली? पैसे भरलो की मी!" लॅपटॉपवर ओटीटीवरच्या सिनेमाचं पोस्टर दिसतं, बटण दाबलं की गोल फिरतं आणि मग काळा पडदा, खाली कसलातरी कोड. मामांना वाटलं पैसे बुडाले. शेजारच्या अक्कांना वाटलं लॅपटॉप बिघडला. दोन्ही खोटं. बहुतेक वेळा एका चौकोनात टिक करायची राहिलेली असते.

ती टिक कुठे असते ते पुढे आहेच. पण आधी गोष्ट काय आहे ते थोडक्यात समजून घ्या, नाहीतर उद्या दुसरं काही अडलं की पुन्हा फोन कराल.

कुलूप कुठे आहे

ओटीटीवरचा सिनेमा तुमच्याकडे येतो तो कुलूपबंद होऊन येतो. ह्या कुलपाला डीआरएम म्हणतात. कुलूप उघडायची किल्ली सेवेच्या सर्व्हरवर असते, आणि ती किल्ली घेऊन कुलूप उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम तुमच्या ब्राउझरमध्ये असावा लागतो. असे मोठे प्रोग्रॅम तीन: गूगलचा वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचा प्लेरेडी, ॲपलचा फेअरप्ले. लिनक्सच्या लॅपटॉपवर आपल्या कामाचा एकच, वाइडवाइन. ही कंपनी मुळात वेगळी होती, २०१० मध्ये गूगलने ती विकत घेतली.

यूट्यूबवरचे रोजचे व्हिडिओ असे कुलूपबंद नसतात, म्हणून ते कुठेही चालतात. लिनक्सचा दोष असता तर तेही चालले नसते.

आता अडचण अशी की लिनक्स म्हणजे सगळा उघडा कारभार. कोणीही आत डोकावावं, बदल करावा. वाइडवाइन मात्र बंद डबा आहे, आत काय चाललंय ते गूगलशिवाय कोणाला दिसत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यात भाड्याने राहिलेल्यांना हे चटकन कळेल. सगळा वाडा तुम्ही वापरता, पण एक खोली घरमालकाच्या कुलपात असते. लिनक्स बनवणाऱ्या बऱ्याच मंडळींना ती खोली वाड्यात नकोच असते. म्हणून ते वाइडवाइन आधीपासून घालून देत नाहीत, किंवा देतात पण बंद ठेवतात. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही उघडा, असा त्यांचा हिशेब. मला तो पटतो. पण मामांना सिनेमा बघायचाय.

ह्या प्रकारावर जगभर भांडणं झालेली आहेत. ब्राउझरने अशा कुलपाशी कसं बोलायचं ह्याचे नियम वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने १८ सप्टेंबर २०१७ ला पक्के केले, आणि त्याच दिवशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने तिथून राजीनामा दिला. त्याआधीची गंमत वेगळीच होती. २०१३ च्या सुमारास लिनक्सवर नेटफ्लिक्स बघायचं तर मायक्रोसॉफ्टचं सिल्व्हरलाइट हे व्हिडिओ दाखवणारं प्लगइन वाइनच्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या) मदतीने, पाइपलाइट नावाच्या जुगाडातून चालवावं लागे. ऑक्टोबर २०१४ पासून ते क्रोममध्ये सरळ चालायला लागलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४९ पासून फायरफॉक्समध्येही लिनक्सवर वाइडवाइन आलं. म्हणजे आज आपण एक टिक करून जे मिळवतो त्यासाठी आधीच्यांनी बरेच उपद्व्याप केलेत.

पहिली पायरी: लॅपटॉप बसतो का ते बघा

दोन गोष्टी तपासा. पहिली, तुमचं लिनक्स ६४ बिटचं आहे का. मिंटमध्ये मेनूत 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' किंवा 'सिस्टिम रिपोर्ट' उघडा, तिथे कळतं. ३२ बिटच्या लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच बंद झालं, आणि २०२५ मध्ये फायरफॉक्सनेही हात सोडला. कोर टू ड्युओ किंवा त्यानंतरचा इंटेल प्रोसेसर असेल तर यंत्र बहुधा ६४ बिटचंच असतं. पण "जुना आहे ना, मग हलकं टाकू" म्हणून कोणीतरी त्यावर ३२ बिटचं लिनक्स टाकून दिलेलं मी दोनदा पाहिलंय. तसं असेल तर पुढचं काही वाचू नका. आधी ६४ बिटचं मिंट नव्याने टाका. रॅम चार जीबी असेल तर एक्सएफसीई नावाचा मिंटचा हलका प्रकार घ्या.

दुसरी गोष्ट घड्याळ. हसू नका. किल्ली देणारा सर्व्हर आणि तुमचा ब्राउझर एकमेकांची ओळख तारीख-वेळ बघून पटवतात. जुन्या लॅपटॉपच्या आत बटणासारखा एक सेल असतो. तो संपला की चार्जर काढून ठेवल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते आणि मग काहीच धड उघडत नाही. शिवाय विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच लॅपटॉपवर असतील तर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे झालेलं सापडतं, कारण विंडोज यंत्रातल्या घड्याळात भारताची वेळ लिहितं आणि लिनक्स तीच वेळ ग्रिनिचची समजून वाचतं. 'डेट अँड टाइम' मध्ये जाऊन नेटवरून वेळ घ्यायचं बटण चालू करा. सेल बदलायला नवी पेठेत किंवा कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे फार खर्च येत नाही.

हे झालं की मिंटच्या मेनूत 'साउंड अँड व्हिडिओ' खाली 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' असेल ते एकदा चालवा. आवाज आणि चित्र उलगडायचं सामान त्यात असतं. उबंटू हे दुसरं लिनक्स टाकताना 'थर्ड पार्टी सॉफ्टवेअर' ची टिक केली असेल तर तिथे हे आधीच झालेलं असतं.

दुसरी पायरी: फायरफॉक्सची टिक

मिंटमध्ये फायरफॉक्स आधीपासून असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करा. उजव्या कोपऱ्यात वरती तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबा. 'सेटिंग्ज' उघडा. डावीकडे 'जनरल' निवडलेलं असेल. आता खाली खाली जा. भाषा, फाइल्स वगैरे ओलांडून 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट कंटेंट' असा मथळा येईल. त्याखाली 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट' असं लिहिलेला चौकोन आहे. त्यात टिक करा. नेमकी जागा आवृत्तीप्रमाणे थोडी बदलते. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत डीआरएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाका, लगेच समोर येईल.

टिक केल्यावर लगेच सिनेमा लावू नका, सगळे इथेच घाई करतात. फायरफॉक्स आता वाइडवाइन नेटवरून आणतो, त्याला मिनिटभर द्या. आलं की नाही ते बघायला पुन्हा तीन रेघा, 'ॲड-ऑन्स अँड थीम्स', आणि डावीकडे 'प्लगइन्स'. तिथे 'वाइडवाइन कंटेंट डिक्रिप्शन मॉड्यूल' दिसलं पाहिजे. त्याच्याशेजारी 'लवकरच बसवलं जाईल' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर अजून आलेलं नाही, थांबा. ती ओळ गेली की फायरफॉक्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

सेटिंग्जमध्ये न जाताही हे होतं. ओटीटीचं पान उघडून व्हिडिओ लावला की वरच्या बाजूला एक पट्टी येते आणि डीआरएम चालू करू का असं विचारते. 'एनेबल' दाबलं की झालं. पण ती पट्टी मामांनी न वाचता फुलीवर दाबून घालवली होती. आपल्याला वर आलेली प्रत्येक पट्टी जाहिरात वाटते, त्यात मामांचा काय दोष.

तिसरी पायरी: क्रोम, आणि क्रोमियमशी त्याची गल्लत

फायरफॉक्समध्ये एखादी सेवा रुसली तर क्रोम लावून बघा. क्रोममध्ये वाइडवाइन घरातूनच येतं, टिक-बिक काही नाही. अडचण एवढीच की क्रोम मिंटबरोबर येत नाही, वेगळा आणावा लागतो. गूगलच्या क्रोमच्या पानावर जा, डाउनलोड दाबा. दोन पर्याय येतील. मिंट, उबंटू, डेबियन असेल तर 'डेब', फेडोरा किंवा ओपनसुसे असेल तर 'आरपीएम'. उतरलेल्या फाइलवर दोनदा क्लिक करा, 'इन्स्टॉल' दाबा, पासवर्ड द्या. टर्मिनल उघडायची गरज नाही. पुढची अपडेट्स मिंटच्या अपडेट मॅनेजरमधूनच येत राहतात.

नवखे लोक इथे हमखास फसतात. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'क्रोम' शोधलं की 'क्रोमियम' समोर येतं. चिन्ह तसंच गोल, नाव तसंच, फक्त रंग निळा. दोघं भाऊच आहेत, पण क्रोमियम हा उघड्या कारभाराचा भाऊ, त्याच्याकडे वाइडवाइनची खोली बहुधा नसते. त्यात ओटीटी उघडून काळा पडदा बघत बसण्यात अर्थ नाही. ब्रेव्ह ब्राउझर असेल तर तो पहिल्यांदा असा व्हिडिओ लागला की वाइडवाइन बसवू का विचारतो, हो म्हणा. एज आणि विवाल्डी लिनक्सवर मिळतात आणि त्यांच्यातही चालतं. लिब्रेवुल्फसारखे खाजगीपणाला जपणारे ब्राउझर हे कुलूप मुद्दाम बंद ठेवतात. ते घेतलेत म्हणजे तुम्ही विचार करूनच घेतले असणार.

क्रोममध्येही वाइडवाइन आहे ना ह्याची खात्री करायची असेल तर पत्त्याच्या जागी इंग्रजीत 'क्रोम', मग विसर्गासारखे दोन ठिपके, दोन तिरप्या रेघा आणि पुढे 'कॉम्पोनंट्स' असं लिहून एंटर मारा. यादीत वाइडवाइन असेल, त्याखालचं 'चेक फॉर अपडेट' दाबा आणि क्रोम बंद-चालू करा. 'सेटिंग्ज' मधल्या 'साइट सेटिंग्ज' मध्ये 'प्रोटेक्टेड कंटेंट' म्हणून एक जागा आहे, तिथे साइटना परवानगी दिलेली असू द्या.

रास्पबेरी पाय वापरणारा एखादा पोरगा हे वाचत असेल तर त्याच्यासाठी एक ओळ: रास्पबेरी पाय ओएसच्या क्रोमियमसाठी वाइडवाइनचं वेगळं पॅकेज मिळतं, तेवढं बसव. बाकी एआरएम प्रोसेसरवर हे सगळं अवघड जातं.

पैसे भरण्याआधी फुकट चाचणी

ब्राउझर तयार झाला की थेट सबस्क्रिप्शन घेऊ नका. बिटमूव्हिन नावाची व्हिडिओचं तंत्रज्ञान विकणारी कंपनी आहे, तिच्या साइटवर डीआरएम तपासायचं एक पान आहे. सर्चमध्ये बिटमूव्हिन डीआरएम टेस्ट असं इंग्रजीत टाका. पान उघडलं की तुमच्या ब्राउझरमध्ये कोणतं कुलूप ओळखलं गेलं ते दिसतं आणि एक नमुन्याचा व्हिडिओ चालतो. तिथे वाइडवाइन असं आलं आणि चित्र हललं, म्हणजे तुमच्या बाजूचं काम संपलं. ह्यानंतरही एखादी सेवा चालली नाही तर घोळ सेवेच्या बाजूला आहे, लॅपटॉप उलटापालटा करू नका. कोणाकडे लॅपटॉप परत द्यायच्या आधी मी हे पान त्यांच्यासमोर उघडून दाखवते, म्हणजे पुढचे निम्मे फोन वाचतात.

पहिला भाग फुकट ठेवणाऱ्या सेवाही असतात. तोही लावून बघता येतो, पण फुकटचा भाग कधीकधी कुलूपबंद नसतो. तो चालला म्हणून पैशाचाही चालेलच असं धरू नका.

चित्र थोडं धूसर का दिसतं

आता ज्याबद्दल सगळ्यात जास्त वाद घालतात तो मुद्दा. "फोनवर काचेसारखं दिसतंय, लॅपटॉपवर का नाय?"

वाइडवाइनच्या तीन पातळ्या आहेत, एल १, एल २, एल ३. एल १ मध्ये कुलूप उघडणं आणि चित्र उलगडणं हे दोन्ही प्रोसेसरमधल्या एका राखीव, बंद कोपऱ्यात होतं, जिथे फोनच्या मालकालाही हात घालता येत नाही. एल ३ मध्ये हे सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. तुमच्या बऱ्यापैकी फोनला एल १ असतं, लिनक्सच्या लॅपटॉपला एल ३. सेवा म्हणते, ह्याच्यावर आमचा पूर्ण भरवसा नाही, ह्याला बारीक खिडकीतून दाखवा. म्हणून ४के मिळत नाही. काही सेवा ७२० वर थांबतात, काही तर ४८० वरच (हा आकडा म्हणजे चित्राच्या उंचीत किती ठिपके; जास्त तितकं चित्र स्वच्छ). कोण किती देतं हे सेवेगणिक, ब्राउझरगणिक बदलतं आणि न सांगता बदलतं. म्हणून मी इथे तक्ता देत नाही, तो महिन्याभरात शिळा होईल.

हा राग लिनक्सवर काढू नका. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, क्रोमबुकच्याही, आणि त्यांना एल १ मिळतं. फरक एवढाच की तिथे यंत्राच्या किल्ल्या कंपनीच्या हातात असतात आणि मिंटमध्ये तुमच्या. आणि विंडोजवरही साध्या क्रोममध्ये नेटफ्लिक्सचं ४के येत नाही, त्यासाठी एज ब्राउझर किंवा त्यांचं ॲपच लागतं. १४ इंची जुन्या पडद्यावर, ज्याची स्वतःची रुंदी १३६६ ठिपक्यांची आहे, ७२० आणि १०८० मधला फरक चष्मा लावूनही कळत नाही. मामांना मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवले, त्यांनी उलटं उत्तर दिलं.

दुसरी तक्रार गरम होण्याची. एल ३ मध्ये चित्र उलगडायचं काम सहसा प्रोसेसरच्या अंगावर पडतं, ग्राफिक्सची चिप त्यात हात लावत नाही. म्हणून यूट्यूब मऊसूत चालणाऱ्या लॅपटॉपवरच ओटीटीचा पंखा घोंघावायला लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे फार जाणवतं. बाकी सगळे टॅब बंद करा, चार्जर लावून बघा, आणि लॅपटॉप चादरीवर ठेवू नका. सोलापुरी चादर जाड असते, खालची जाळी झाकली जाते आणि आतली हवा आतच कोंडते. मी दोन ताटं उपडी घालून त्यावर ठेवते, दिसायला वाईट पण चालतं. पंख्यातली धूळ साफ करून घेतली तर आणखी बरं. आमच्या पूर्व भागात कारखान्यांचा कापूस हवेत असतो, तो लॅपटॉपच्या पंख्यात असा अडकतो की काढला की वातच वळावी.

प्लॅन घेताना

मामांचे पैसे कशात अडकले होते ते आता सांगते. टिक केली, वाइडवाइन आलं, चाचणीचं पान चाललं, तरी त्यांची सेवा काही उघडेना. शेवटी त्यांच्या खात्यात जाऊन पाहिलं तर त्यांनी 'मोबाइल' प्लॅन घेतला होता, तोही रिचार्जबरोबर आलेला. तो प्लॅन फक्त फोनवर चालतो. लॅपटॉपवर विंडोज असतं तरी चालला नसता. रिचार्जबरोबर फुकट मिळणाऱ्या ओटीटीत हे फार असतं, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणून लॅपटॉपवर बघायचं असेल तर आधी प्लॅनच्या पानावर 'कॉम्प्युटर' किंवा 'लॅपटॉप' हा शब्द आहे का ते बघा.

दुसरं, वरचा प्लॅन घेऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने भारतातले दर उतरवले तेव्हा मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये महिना असे ठेवले होते. आजचा दर घेताना बघून घ्या, पण उतरंड हीच आहे. बेसिकमध्ये ७२० मिळतं. घरात ४के टीव्ही नसेल आणि सगळं बघणं लिनक्सच्या लॅपटॉपवरच होणार असेल, तर प्रीमियमचे जादाचे साडेचारशे रुपये ज्या चित्रासाठी आहेत ते चित्र तुमच्या पडद्यावर येणारच नाही. एकाच वेळी तीन-चार जणांना बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तरी चालत नसेल तर

कोड लिहून घ्या, फोटो काढा. पडद्यावरचा कोड हा तक्रार सोडवायचा धागा असतो आणि लोक तोच मिटवून टाकतात. मग ह्या क्रमाने बघा. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन त्या साइटपुरतं बंद करा. व्हीपीएन असेल तर बंद. त्या साइटच्या कुकीज पुसून पुन्हा लॉगिन करा, ओटीपी घेऊन. दुसरा ब्राउझर लावा. ब्राउझर जुना असेल तर अपडेट करा, कारण वाइडवाइनच्या जुन्या आवृत्त्यांना सर्व्हर किल्ली देणं बंद करतात. महिनोन्‌महिने अपडेट न केलेल्या लॅपटॉपवर एक दिवस अचानक सगळं बंद पडतं ते बहुधा ह्याच कारणाने.

एवढं करूनही नाही झालं तर ती सेवा लिनक्सला दारातच अडवत असेल. असं घडतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लस सुरू झालं तेव्हा लिनक्सवाल्यांना ८३ क्रमांकाचा कोड दिसत होता, कारण त्यांच्या सर्व्हरने सुरक्षेची पातळी वर ठेवली होती. पुढे ती अट सैल झाली आणि त्याच लॅपटॉपवर, काहीही न बदलता, चालायला लागलं. तेव्हा कस्टमर केअरला लिहा, कोड द्या, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती द्या. मराठी सिनेमांच्या छोट्या सेवा असतील तर जरूर लिहा. मोठ्यांपेक्षा त्यांच्याकडून उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे.

तोवर तो एक सिनेमा फोनवर बघा किंवा टीव्हीला स्टिक लावा. मी लिनक्सची कितीही भक्त असले तरी एका सिनेमासाठी रात्रभर सेटिंग्ज चाळत बसणं मला मान्य नाही. सकाळी कामावर जायचं असतं.

आणि दोन गोष्टी मात्र करू नका. एक, "लिनक्सवर फुल एचडी मिळवा" असं सांगणारी अनोळखी एक्स्टेंशन टाकू नका. अशी एक्स्टेंशन तुमचं लॉगिन झालेलं पान वाचू शकतात, आणि त्यात कार्डाची माहिती असते. दोन, कुलूप फोडून सिनेमा उतरवून घ्यायचे प्रोग्रॅम. कोणी पोरगा पेनड्राइव्हवर आणून देईल, नको म्हणा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५ अ हे कलम आलं. हक्क मोडायच्या हेतूने असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आणि हो, "ओटीटीची लिंक व्हीएलसीमध्ये टाकली तर?" हा प्रश्न दर वेळी येतो. नाही चालत. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आहे, त्याच्याकडे वाइडवाइन नाही.

आत्यासाठी डेस्कटॉपवर चिन्ह

माझी आत्या ब्राउझर हा शब्द उच्चारत नाही. तिला डेस्कटॉपवर चिन्ह पाहिजे, दाबलं की मालिका. मिंटमध्ये त्यासाठी 'वेब ॲप्स' नावाचं छोटं साधन आहे. उघडा, अधिकचं चिन्ह दाबा, सेवेचं नाव आणि पत्ता द्या, चिन्ह निवडा. तिथे 'ब्राउझर' कोणता ते विचारतं. फायरफॉक्स निवडलात तर तो त्या ॲपसाठी वेगळं कोरं खातं उघडतो, ज्यात आपण केलेली डीआरएमची टिक नसते. मग पुन्हा काळा पडदा आणि पुन्हा फोन. आत्याच्या लॅपटॉपवर मी हे करून बसले आणि दोन संध्याकाळी त्यात गेल्या. क्रोम निवडा. एकदा उघडून लॉगिन करा, पासवर्ड लक्षात ठेव म्हणा, एखादा भाग दोन मिनिटं लावून बघा, मग मेनूतल्या त्या नावावर उजवं बटण दाबून 'ॲड टू डेस्कटॉप' करा. आत्याच्या डेस्कटॉपवर आता तीन चिन्हं आहेत, चौथं पत्त्यांच्या खेळाचं.